घटक ३ : पंडिता रमाबाई – प्रवासातून घडलेली श्रद्धा

३.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

• पंडिता रमाबाई यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालानुक्रमे सांगता येतील.
• त्यांच्या धर्मविचारात झालेली स्थित्यंतरे त्यांच्या प्रवासांशी जोडून पाहता येतील.
• १८९६-९७ च्या दुष्काळातील त्यांच्या सेवायात्रेचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• त्यांच्या कार्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांचा तटस्थपणे विचार करता येईल.
• त्यांची श्रद्धा आणि त्यांची मराठी भाषादृष्टी यांतील संबंध उलगडून दाखवता येईल.

३.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रवासवर्णनांचा स्थूल परिचय करून घेतला. त्या ओघात ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा उल्लेख आला होता. त्या ग्रंथाच्या लेखिका पंडिता रमाबाई यांच्या जीवनाचा परिचय प्रस्तुत घटकात करून घ्यावयाचा आहे.

रमाबाईंचे नाव आपल्याला अनेक नात्यांनी ठाऊक असते. संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, शारदा सदनाच्या संस्थापिका, ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या विदुषी आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार अशा त्यांच्या विविध ओळखी आहेत. या ओळखी सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांच्या जीवनाची एकसंधता नजरेतून निसटते. म्हणून येथे आपण एकच सूत्र हाती धरणार आहोत. रमाबाईंचे जवळजवळ सारे आयुष्य प्रवासात गेले आणि त्यांची श्रद्धाही प्रवासातच घडत गेली. धर्मग्रंथ त्यांना बालपणापासून मुखोद्गत होते. परंतु ईश्वरावर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे त्या वाटेवर शिकल्या. या शिक्षणातील सर्वांत कठीण धडा त्यांना चाळिशीच्या उंबरठ्यावर, दुष्काळाने होरपळलेल्या मध्य प्रांतात मिळाला. या घटकाचा भर त्या प्रवासावर आहे. मात्र त्याचा अर्थ नीट कळण्यासाठी आधीचे प्रवासही पाहावे लागतील.

३.२ विषयविवेचन

३.२.१ यात्रेकरूंच्या कुटुंबातील बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण होते. स्त्रियांनी संस्कृत शिकण्यास धर्माची आडकाठी नाही, असे त्यांचे मत होते. त्या मताला अनुसरून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. या गोष्टीला स्वजातीयांचा कडवा विरोध झाला, तेव्हा ते वस्तीपासून दूर रानात आश्रम करून राहिले. पुढे द्रव्य संपले आणि कुटुंबाला तेही घर सोडावे लागले. त्या वेळी रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोक्यावरून नेण्यात आले. त्यांच्या आयुष्यातील प्रवास असा कळते वय येण्यापूर्वीच सुरू झाला.

पुढील वर्षे हे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत, देवळांत आणि घाटांवर पुराण सांगत जगले. मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह चाले. त्यातूनच दानधर्म होई. लक्ष्मीबाईंनी मुलीला पहाटे उठवून शिकवावे आणि मुलीने भागवताचे श्लोक पाठ करावेत, असा क्रम होता. व्रते, उपवास, तीर्थस्नाने, जपजाप्य यांत कोठेही कसूर नव्हती. अशा निष्ठेने वागणाऱ्या घरावर दुष्काळ कोसळला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नाचे दुर्भिक्ष पडले. पुराण ऐकण्यास लोक येईनासे झाले आणि दक्षिणा थांबली. घरातील भांडी, वस्त्रे विकली गेली. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. तिरुपतीच्या परिसरातील रानात या कुटुंबाने झाडपाल्यावर दिवस काढले. वडील तेथे खंगत गेले आणि निवर्तले. काही महिन्यांनी आईही गेली. आईचा अखेरचा काळ रमाबाईंच्या मनात कायमचा कोरला गेला. भुकेने व्याकूळ झालेल्या आईसाठी त्या एका ब्राह्मण स्त्रीच्या दारी गेल्या, पण मागण्यासाठी शब्दच फुटेना. त्या बाईंनी ओळखून बाजरीची भाकरी दिली. मात्र ती खाण्याचेही त्राण आईमध्ये उरले नव्हते. आईचे प्रेत उचलण्यास पुरेसे लोक मिळाले नाहीत, तेव्हा रमाबाईंना स्वतःच पुढे व्हावे लागले. पुढे थोरली बहीणही गेली. उरले ते बंधू श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई.

या दोघा भावंडांनी हजारो मैलांची पायपीट केली. थंडीत पांघरूण नसे, तेव्हा नदीकाठी वाळूत खड्डा करून अंगावर वाळू ओढून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. हळूहळू बाह्य आचारांवरील त्यांचा विश्वास ढासळू लागला. शास्त्राने सांगितलेले सारे करूनही आईवडील अन्नावाचून का गेले, या प्रश्नाचे उत्तर तीर्थक्षेत्रांत मिळत नव्हते.

३.२.२ कलकत्ता, सिल्चर आणि पुणे

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या मराठी तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदग्रंथाची एक प्रत भेट दिली. स्त्रीला वेदाधिकार नाही असे मानण्याचा तो काळ होता.

याच शहरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेली पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले. तेथे त्यांना बायबलची संस्कृत प्रत मिळाली. परंतु तिची भाषा त्यांना परिचित असलेल्या संस्कृत वाङ्मयाहून इतकी निराळी होती की, वाचनात त्यांचे मन रमले नाही. धर्मग्रंथाची भाषा वाचणाऱ्याच्या ओळखीची नसेल तर तो ग्रंथ हाती येऊनही मिटलेलाच राहतो. हा अनुभव त्यांच्या उत्तरायुष्यातील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण घटकाच्या अखेरीस पुन्हा येऊ.

१८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि त्या आसामातील सिल्चर येथे राहू लागल्या. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. या वेळी भाषा समजणारी होती आणि त्यांचे कुतूहल जागे झाले. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन महाराष्ट्रात आल्या.

पुण्यात त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची निकड मांडली. आपणही वैद्यकीय शिक्षण घ्यावे, या हेतूने त्यांनी १८८३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडकडे प्रयाण केले.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) अनंतशास्त्री डोंगरे यांना वस्तीपासून दूर का राहावे लागले?
(आ) बायबलची संस्कृत प्रत आणि लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत यांविषयीच्या रमाबाईंच्या अनुभवांत कोणता फरक होता?

३.२.३ इंग्लंडचा प्रवास : दीक्षा आणि स्वातंत्र्य

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयाला राहिल्या. या संघाच्या भगिनींचे काम पुण्यातही होते. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत त्यांना सोडून द्यावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच स्वतःचा जीव घेतला. अशा विदीर्ण मनःस्थितीत रमाबाईंना लंडनमधील फुलम येथील आश्रम पाहावयास मिळाला. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे ममतेने वागवले जात होते. अशा स्त्रियांची काळजी ख्रिस्ती लोक का घेतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

ही कथा आपल्याला माहीत असणे आवश्यक आहे. यहुदी लोक ज्यांना हीन लेखत, त्या शोमरोनी समाजातील एक स्त्री भर दुपारी विहिरीवर पाणी भरण्यास येते. येशू तिच्याजवळ पिण्यास पाणी मागतो आणि खरी उपासना कोणत्याही एका पवित्र स्थळाशी बांधलेली नाही, असे तिला सांगतो. तीर्थामागून तीर्थ पालथे घातलेल्या आणि पाण्यावरील विटाळाचे नियम बालपणापासून पाळलेल्या रमाबाईंना ही कथा किती जवळची वाटली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराने महाराष्ट्रात खळबळ उडाली. परंतु त्यानंतर रमाबाईंनी आपली बुद्धी धर्मसंस्थेच्या स्वाधीन केली, असा समज कोणी करून घेतला तर तो चुकीचा ठरेल. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत असताना त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, व्यक्तीच्या विवेकाचे स्थान या विषयांवर त्यांनी भगिनी जेराल्डिन यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तिचा स्पष्ट प्रतिवाद केला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द कोरण्याऐवजी संस्कृत शब्द असावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा शाकाहारही कायम राहिला. ख्रिस्त स्वीकारण्यासाठी इंग्रज होण्याची गरज नाही, ही भूमिका त्यांनी इंग्रजांच्याच घरात राहून मांडली.

१८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने मान्य केले.

३.२.४ शारदा सदन आणि एक अंतर्गत पोकळी

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. येथे राहण्यास आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या. सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. तथापि रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली आपण होऊन बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

या बाह्य संघर्षाच्या आधीच रमाबाईंच्या मनात एक निराळा संघर्ष चालू होता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम हे धर्मगुरू होते. तरीही आपल्याला ईश्वराचा प्रत्यक्ष अनुभव नव्हता, असे त्यांना उमगले होते. ते वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या. आपण ख्रिस्ती धर्म तर शोधून काढला, पण ख्रिस्त आपल्याला भेटला का, असा प्रश्न त्यांना पडला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना आपली श्रद्धा बुद्धीपुरती राहिल्याची जाणीव झाली. त्यानंतर त्यांनी ब्रिस्टॉल येथील अनाथालयाचे जॉर्ज म्यूलर आणि चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रे वाचली. निश्चित उत्पन्नाची हमी नसताना केवळ प्रार्थनेच्या बळावर मोठी कामे उभारणाऱ्या या लोकांविषयी वाचताना, हिंदुस्थानात असे करता येईल का, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांनी एक विलक्षण प्रार्थना केली. त्या वेळी त्यांच्यासोबत श्रद्धेच्या वाटेवर आलेल्या पंधरा मुली होत्या. त्या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस व्हाव्यात, असे त्यांनी मागितले. एवढ्या मुली येणार कोठून आणि त्यांना ठेवायचे कोठे, याचे उत्तर त्या क्षणी त्यांच्यापाशी नव्हते.

३.२.५ दुष्काळी प्रदेशातील प्रवास (१८९६-९७)

१८९६ मध्ये पाऊस फसला आणि मध्य प्रांतासह देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतील बातम्या वाचताना रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे दिवस आठवू लागले. तरीही निर्णय सोपा नव्हता. अमेरिकेतून येणारे साहाय्य उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी होते. दुष्काळात सापडलेल्या मुली कोणत्याही जातीच्या असणार. त्यांतील सर्वच विधवाही नसणार. म्हणजे त्यांच्यासाठी एक रुपयाचीही तरतूद नव्हती. पुण्यातील संस्था आधीच लोकापवादाने खिळखिळी झाली होती. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर घरी बसून राहणे हेच शहाणपणाचे होते.

रमाबाई निघाल्या. १८९६ च्या अखेरीस आणि १८९७ च्या प्रारंभी त्यांनी मध्य प्रांतातील दुष्काळी गावे, मदतकामाच्या जागा आणि सरकारी अन्नछत्रे पाहिली. त्यांनी लिहून ठेवलेल्या अनुभवांतून दिसणारे चित्र हृदयद्रावक आहे. हाडांचे सापळे झालेली मुले मातीत पडलेले दाणे वेचत होती. आईबाप मेल्याने किंवा सोडून गेल्याने एकट्या पडलेल्या मुली रस्त्याने भटकत होत्या. त्याहून भयंकर अशी एक गोष्ट रमाबाईंच्या नजरेने टिपली, कारण तरुण वयात त्या स्वतः याच वाटेने गेल्या होत्या. भुकेलेल्या तरुण मुलींभोवती त्यांना फसवून नेणारी माणसे घिरट्या घालत होती. मदतकेंद्रांवर देखरेखीस ठेवलेले लोकही नेहमी विश्वासार्ह नव्हते. मूठभर अन्नासाठी मुलीला अब्रू द्यावी लागत होती. दुष्काळाच्या सरकारी अहवालात मृतांची आणि मजुरांची संख्या येते. ही हानी तेथे मोजली जात नाही.

आपण येथे क्षणभर थांबून रमाबाईंच्या मनःस्थितीचा विचार करू. आईसाठी भाकरी मागताना ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, त्या आता शेकडो अनोळखी मुलींसाठी मागत होत्या. स्वतःवर आलेल्या आपत्तीचे कारण त्यांनी शास्त्रांत शोधले होते आणि ते सापडले नव्हते. या प्रवासातही ते सापडले नाही. परंतु ती आठवण आता निराळ्या कामी आली. कोणत्या मुलीला तातडीने हलवले पाहिजे, कोणती लाजेने बोलत नाही, कोणती भीतीने खोटे सांगते आहे, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया गोळा केल्या. दोनशे पंचविसांची प्रार्थना करणाऱ्या रमाबाईंच्या दृष्टीने हा योगायोग नव्हता. मात्र मुली आणल्या म्हणजे काम संपले, असेही नव्हते. अनेक मुली आजारी होत्या. कित्येकींना स्वच्छतेची, शिस्तीची, पोटभर जेवणाचीही सवय उरली नव्हती. पुढे पुन्हा मिळेल की नाही या धास्तीने काही जणी अन्न लपवून ठेवत, हिसकावून घेत. अशांतच पुण्यात प्लेग पसरला आणि अधिकाऱ्यांनी शहरात एवढी माणसे ठेवण्यास मनाई केली.

तेव्हा केडगाव उपयोगी पडले. पुण्याच्या पूर्वेस, आजच्या दौंड तालुक्यात, रेल्वेमार्गालगत रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतलेली होती. शारदा सदनाला फळबागेचे उत्पन्न मिळावे, एवढाच त्या खरेदीमागचा हेतू होता. तेथे घरे नव्हती. तंबू आणि तात्पुरती छपरे उभारून मुलींची सोय करण्यात आली. पुढे ‘मुक्ती’ या नावाने जगभर परिचित झालेल्या संस्थेचा आरंभ असा उघड्या माळावर झाला. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आणण्यात आल्या आणि केडगावची लोकसंख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. विणकाम, शिवणकाम, शेती, तेलघाणा, दुभती जनावरे, छापखाना अशी नाना कामे तेथे स्त्रियाच चालवू लागल्या. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी कृपा सदन हे विभागही सुरू झाले.

३.२.६ या प्रवासाने काय शिकवले?

रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात आपल्या श्रद्धेचा प्रवास सांगितला आहे. ते निवेदन आणि दुष्काळाविषयीचे त्यांचे लेखन एकत्र ठेवून पाहिल्यास काही गोष्टी आपल्या ध्यानात येतात.

प्रथम, विश्वास आणि खात्री यांत फरक आहे, हे त्यांना या प्रवासात उमगले. इंग्लंडमध्ये त्या सिद्धान्तांविषयी खात्री शोधत होत्या. प्रत्येक मुद्दा तर्काने पटल्याखेरीज त्या पुढे पाऊल टाकत नसत. दुष्काळी प्रदेशात पुढचे पाऊल आधी टाकावे लागले. साधने नंतर आली. तीनशे मुलींना उद्या काय खाऊ घालायचे हे ठाऊक नसताना त्यांना आज गाडीत बसवणे, ही त्यांच्या श्रद्धेची कसोटी होती.

दुसरी गोष्ट पात्रतेच्या कल्पनेविषयीची आहे. शारदा सदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते. त्यामागे रमाबाईंचा अनुभव होता, तशीच त्यांच्या वर्गाची मर्यादाही होती. दुष्काळाने ती मर्यादा मोडली. मरणाच्या दारात बसलेल्या मुलीला जात विचारणे शक्य नव्हते. फुलमच्या आश्रमात त्यांनी जे पाहून आश्चर्य व्यक्त केले होते, तेच आता त्यांना स्वतः करावे लागले. तेथे त्या प्रेक्षक होत्या. येथे मुलींच्या जखमा धुण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. शोमरोनी स्त्रीची कथा ऐकल्यानंतर ती अंगी बाणवण्यास त्यांना तेरा-चौदा वर्षे लागली, असे म्हणता येईल.

तिसरी गोष्ट दुःखाच्या अर्थासंबंधी आहे. आईवडिलांच्या मृत्यूचे समर्थन रमाबाईंनी कधी केले नाही. तो दुष्काळ पुढील कार्यासाठीच आला होता, अशी सोयीस्कर मांडणीही त्यांच्या बाबतीत आपण करू नये. एवढेच म्हणता येईल की, त्या आठवणीपासून दूर पळण्याऐवजी त्या तिच्या दिशेने चालत गेल्या. भक्ती करूनही भाकरी का मिळाली नाही, हा मुलीचा प्रश्न होता. प्रौढपणी त्यांनी तो फिरवून स्वतःला विचारला : माझ्यापाशी भाकरी असताना माझी भक्ती कोठे आहे?

३.२.७ आक्षेप आणि मर्यादा

कोणत्याही चरित्राचा अभ्यास केवळ गौरवापुरता मर्यादित राहू नये. दुष्काळग्रस्त, निराधार मुलींना आश्रय देऊन ख्रिस्ती करणे कितपत योग्य, हा आक्षेप रमाबाईंच्या हयातीतच घेतला गेला आणि तो आजही विचारार्ह आहे. उपकृत झालेल्या मुलीचा धर्मनिर्णय कितपत स्वतंत्र असतो, हा प्रश्न टाळता येत नाही. रमाबाईंच्या दृष्टीने आपल्याला गवसलेला ठेवा मुलींना न देणे हीच वंचना ठरली असती. टीकाकारांच्या दृष्टीने तो असहायतेचा लाभ घेण्याचा प्रकार होता. केडगावच्या शिस्तबद्ध धार्मिक जीवनात, इंग्लंडमध्ये वाद घालणाऱ्या रमाबाईंच्या चिकित्सकतेला पूर्वीइतका अवकाश राहिला नाही, असेही काही अभ्यासकांना वाटते.

याच्या दुसऱ्या बाजूला एक वस्तुस्थिती आहे. त्या मुलींना वाचवण्यासाठी पुढे आलेले हात फार थोडे होते. या दोन्ही बाजू समोर ठेवून आपण स्वतःचे मत बनवावे, अशी अपेक्षा आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) दुष्काळातील मुलींना आश्रय देण्यात आर्थिक अडचण कोणती होती?
(आ) केडगाव येथील जमीन मुळात कोणत्या हेतूने घेतली होती?

३.२.८ श्रद्धा आणि भाषा

मराठीचे विद्यार्थी या नात्याने आपल्याला रमाबाईंच्या अखेरच्या कार्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. बायबलची मराठी भाषांतरे त्या काळी उपलब्ध होती. तथापि त्यांतील संस्कृतप्रचुर भाषा नुकतीच अक्षरओळख झालेल्या स्त्रियांना अवघड जाते, असे रमाबाईंना दिसून आले. दुष्काळातून आलेल्या खेडवळ मुली त्यांच्यासमोर होत्या. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही सारी कामे केडगावच्या छापखान्यात स्त्रियांनीच केली.

संस्कृतातील सर्वोच्च पदवी मिळवणाऱ्या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द जाणीवपूर्वक बाजूला सारावेत, ही घटना अर्थपूर्ण आहे. कलकत्त्यात बायबलची संस्कृत प्रत हाती असूनही ती त्यांना परकी वाटली होती. तो अनुभव आपल्या मुलींच्या वाट्याला येऊ नये, याची त्यांनी काळजी घेतली. जी श्रद्धा दुष्काळात जात पाहत नाही, ती भाषेतही शिकलेले आणि न शिकलेले असा भेद राखू शकत नाही, असा या भाषांतरामागील विचार आहे, असे आपण म्हणू शकतो.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. एकुलत्या एक कन्येच्या आणि प्रमुख सहकारिणीच्या मृत्यूनंतरही रमाबाई भाषांतराचे काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

३.३ समारोप

या घटकात आपण रमाबाईंचे जीवन त्यांच्या प्रवासांच्या आधारे पाहिले. बालपणीच्या तीर्थयात्रांनी त्यांना विद्या दिली आणि प्रश्न दिले. इंग्लंडमध्ये त्यांना ख्रिस्तचरित्राचा परिचय झाला, परंतु तेथेही त्यांनी आपला विवेक आणि आपले भारतीयत्व सोडले नाही. १८९१ मध्ये त्यांना आपल्या श्रद्धेतील उणीव जाणवली. १८९६-९७ च्या दुष्काळयात्रेत ती श्रद्धा प्रत्यक्ष कृतीत उतरली आणि तिने जातीची चौकट ओलांडली. केडगावची वसाहत आणि सोप्या मराठीतील बायबल ही त्या यात्रेची दोन फलिते होत.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, संसार, शेती सांभाळून, मध्येच सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेत आहेत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, तो शेकडो मुलींचा संसार चालवीत असताना. त्यांच्या धर्ममतांशी आपण सहमत असा वा नसा, शिकणे आणि जगणे यांत त्यांनी अंतर पडू दिले नाही, ही बाब आपल्याला निश्चितच विचारप्रवृत्त करील.

३.४ सरावासाठी स्वाध्याय

१. पंडिता रमाबाई यांच्या धर्मविचारातील स्थित्यंतरे त्यांच्या प्रवासांच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. बालपणीचा दुष्काळ आणि १८९६-९७ चा दुष्काळ या दोन अनुभवांतील संबंध आपल्या शब्दांत मांडा.
३. रमाबाईंच्या केडगाव येथील कार्यावरील आक्षेपांची चर्चा करा व आपले मत सकारण नोंदवा.
४. टीप लिहा : रमाबाईंची भाषादृष्टी आणि बायबलचे भाषांतर.
५. उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून दुष्काळाच्या आठवणी ऐका आणि त्यांच्या बोलीतील दुष्काळविषयक शब्दांची यादी तयार करा.